कादंबरीत नसलेली वाट

त्या रविवारी अनुष्कानं आपली वही मालोजी गुरुजींच्या पुढ्यात सरकवली, आणि एका पोरीच्या गृहपाठावर काय शेरा द्यावा हे गुरुजींना आयुष्यात पहिल्यांदा सुचेना.

गृहपाठ तसा साधा होता. गुरुजी निवृत्त झाल्याला चौदा वर्षं लोटली होती, पण दाभेखोलच्या वरच्या वाडीत त्यांच्या पडवीवर दर रविवारी सकाळी आठवी-नववीची दहा-बारा मुलं जमत आणि वाचन चाले. वरंध घाटाच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीत, रस्ता संपतो तिथलं हे गाव. वाचायची ती एक जुनी कादंबरी, शंभरेक वर्षांपूर्वीची, अशाच एका घाटपायथ्याच्या गावाची. डोंगराच्या उतारावर मोठं घर, त्याच्या पायाशी भातशेती, आणि शेतांपलीकडे उघड्याबोडक्या कातळावर ज्यांना जमीन नाही त्यांच्या झोपड्या. गुरुजींची प्रत तीन वेळा शिवून झाली होती. त्यांनी मुलांना विचारलं होतं, या गोष्टीत माणसं जशी वागतात ती त्यांच्या स्वभावानं, की ती जिथं राहतात त्या जागेनं? नकाशा काढून आणा.

बाकीच्यांनी देऊळ काढलं, नदीत मासे काढले. गुरुजींची नात अंकिता हिनं कादंबरीत कुठेही नसलेली नारळाची झाडं काढली. बौद्धवाडीतल्या अनुष्कानं मात्र नुसत्या रेघा मारल्या होत्या. वर मोठं घर, मध्ये शेतं, पलीकडे कातळ. कातळावरून मोठ्या घराकडे बाण, आणि प्रत्येक बाणाखाली प्रकरणाचा आकडा.

"कातळावरची माणसं एकवीस वेळा वर येतात गुरुजी," ती म्हणाली. "कामाला, निरोप घेऊन, पेज मागायला, पूर आला तेव्हा आसऱ्याला. मोठ्या घरातलं माणूस कातळावर एकदाही जात नाय. मी दोनदा मोजलं."

गुरुजींनी ती कादंबरी किती वेळा शिकवली याला गणती नव्हती. पुराचं प्रकरण तर ते दर जुलैत वाचत, खड्या आवाजात. मोठ्या घराचे दरवाजे उघडतात, अंगणात चुली पेटतात, आणि घरधनी स्वतःच्या हातानं कातळावरच्या लोकांना भात वाढतो. एकही बाण खाली जात नाही हे त्यांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

पण शिक्षक तो शिक्षक. त्यांनी शांतपणे समजावलं, की उंचावर राहणाऱ्याकडे सगळे मान वर करून बघतात, म्हणून त्याला देण्याची सवय लागते. खाली राहणाऱ्याला वर बघण्याची लागते. जागाच माणसाला वळण लावते. हे वाक्य त्यांना स्वतःलाही आवडलं.

अनुष्कानं मान हलवली आणि विचारलं, "पण संकट वरनंच आलं असतं तर? मोठ्या घरातले कुठं गेले असते?"

"देवळात गेले असते," गुरुजी म्हणाले.

"कातळावर का नाय?"

अंकिता फिसकन हसली, मग बाकीचीही. गुरुजींनी वहीत 'विचार चांगला' असं लिहिलं आणि गुण द्यायचे टाळले. मग गुरुजींच्या बायकोनं, ठमाबाईंनी, सगळ्यांना चहा दिला. चहा झाल्यावर अनुष्का नेहमीप्रमाणे अंगणातल्या मोरीवर गेली, आपला कप विसळला आणि पालथा घालून ठेवला. बाकीच्यांचे कप पडवीतच लवंडलेले होते. गुरुजी नेहमीसारखंच म्हणाले, "शिका जरा हिच्याकडून." अनुष्कानं त्यांच्याकडे पाहिलं. एरवी ती खाली मान घालून हसत असे. त्या दिवशी ती हसली नाही.

सोमवारपासून पावसानं जे धरलं ते सोडलंच नाही. मंगळवारी नदी पुलाला लागली, बुधवारी महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. गुरुजींचा मुलगा प्रवीण औद्योगिक वसाहतीत कामाला होता, तो बुधवारच्या पाळीला गेला तो तिकडेच अडकला. सूनबाई माहेरी पोलादपूरला. घरात गुरुजी, ठमाबाई आणि अंकिता. गुरुवारी सकाळी प्रवीणचा एकच निरोप फोनवर पोचला, अंकिताला घेऊन तिथून निघा, आणि मग फोनही मेला.

निघा म्हणणं सोपं होतं. त्याच सकाळी ठमाबाई गोठ्यामागून सरपण आणायला गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या.

"अवो, फणसामागं जमीन फाटलीय."

गुरुजी जाऊन बघतात तो फणसाच्या मुळांमागून एक भेग निघून शेजारच्या परसापर्यंत गेलेली. त्यांनी छत्री मिटून भेगेत घातली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि खाली टेकली नाही.

तासाभरात गावकी बसली. वरच्या वाडीची बत्तीस घरं, आणि लग्नापासून मयतापर्यंत सगळं ठरवणारी त्यांची बैठक ती गावकी. तिनं ठरवलेलं कुणी मोडत नाही. मोडलं तर त्याच्या दारात कुणी कार्याला येत नाही आणि त्याच्या तिरडीला कुणी खांदा देत नाही. गावकीचा प्रमुख सयाजी, पन्नाशीचा, बोलायला मोकळा, वागायला कडक. तलाठ्यांचा निरोप आला होता की सुरक्षित जागी जा. सुरक्षित जागा कोणती, हे गावकीनं ठरवायचं होतं.

ते ठरायला वेळ लागला नाही. ग्रामदेवतेचं देऊळ. मुंबईकरांच्या मंडळानं त्याला दोन वर्षांपूर्वी स्लॅबचा सभामंडप बांधून दिला होता. मागच्या बाजूनं कुणीतरी माळाचं नाव काढलं. माळ म्हणजे शेतांपलीकडचं बौद्धवाडीचं कातळ. तिथं ना माती ना डोंगर, गडगडायला काही नाही आणि बुडायलाही काही नाही. सयाजीनं ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"खाली जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? या वाडीनं आजवर दिलंय. कुणाकडं मागितलं नाय."

गुरुजी खांबाला टेकून बसले होते. हे शब्द त्यांना ओळखीचे वाटले. सयाजी चौथीत असताना त्यानं ते पुराचं प्रकरण त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. काहीतरी बोलावं असं त्यांच्या मनात आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या तेव्हा त्यांचीही मान डोलली.

अकराच्या सुमारास गुरुजींच्या अंगणात बुद्धरत्न येऊन उभा राहिला. अनुष्काचा बाप. तोही औद्योगिक वसाहतीतच कामाला, आणि तोही गुरुजींच्याच हाताखाली चौथी शिकलेला. पाळीला जाता न आल्यामुळे घरी होता. गुडघाभर पाण्यातले बांध तुडवत, चिखलानं माखून आला होता. आम्ही समाजमंदिर मोकळं केलंय, असं त्यानं सांगितलं. दोन खोल्या आहेत, गॅस आहे, आणि बायकांनी भात चढवायला घेतलाय. वाडीतल्या सगळ्यांना घेऊन या, अंधार पडायची वाट बघू नका.

गुरुजी त्याला बस म्हणाले, चहा घे म्हणाले. तो पडवीच्या पायरीपाशीच थांबला.

"आमची देवळात सोय झालीय," गुरुजी म्हणाले. "तुम्हा मंडळींना काही लागलं तर मात्र कळव हं. तांदूळ वगैरे. संकोच करू नको."

बुद्धरत्नच्या अंगावरून पाणी ठिबकत होतं. मग तो जरासा हसला, "बरं, गुरुजी," म्हणाला, आणि आला तसा उतरून गेला.

अंकिता दारात उभी राहून ऐकत होती.

"आजोबा, ते आपल्याला बोलवायला आलेले. आणि तुम्ही त्यांनाच विचारलंत, काय हवंय म्हणून."

"मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलू नये," गुरुजी म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्या मास्तरांच्या तोंडून ऐकलं होतं आणि स्वतः कधी वापरलं नव्हतं. अंकिता आत जाऊन आपल्या वह्या प्लास्टिकच्या पिशवीत भरू लागली.

दुपारी एकपर्यंत अख्खी वाडी सभामंडपात आली. ट्रंका, गोधड्या, शेळ्या, एक कुकर, कुणाचा तरी टीव्ही. देऊळ वाडीच्या टोकाला, पऱ्याच्या पलीकडे. पऱ्या म्हणजे डोंगरावरून येणारा ओढा. त्याच्यावर लाकडी साकव होता, त्यावरून सगळे एकेक करून आले होते. दोन वाजता तो साकव वाहून गेला. पऱ्याचा आवाज इतका, की मंडपात बसून एकमेकांशी ओरडून बोलावं लागे.

आणि मग तीनच्या सुमारास माणसं ओरडायची थांबली. ओरडायची गरजच उरली नव्हती. बायका आपापसात हळू बोलू लागल्या, एक तान्हं मूल झोपलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की पऱ्या गप्प झालाय.

सयाजीचा चेहरा उजळला. देवीनं ऐकलं, असं तो म्हणाला. उतरला म्हणायचा जोर, आता साकवाशिवायही पायी जाता येईल, संध्याकाळी जनावरांचं बघून येऊ. कुणीतरी गाभाऱ्याकडे बघून हात जोडले.

गुरुजी छत्री घेऊन बाहेर पडले. पाऊस सकाळी होता तसाच कोसळत होता, पागोळ्यांची धार जराही बारीक झाली नव्हती. ते पऱ्याच्या काठावर जाऊन उभे राहिले. तळातले धोंडे उघडे पडून चकाकत होते. मध्येच एका खळग्यात हातभर गढूळ लाल पाणी राहिलं होतं आणि त्यात बोटाएवढा मासा तडफडत होता.

पाऊस चालू आहे. मग पाणी गेलं कुठे?

चौथीच्या गणिताच्या तासाला गुरुजी एक उदाहरण घालत असत. वरून टाकीत पाणी पडतंय, खालचा नळ बंद झालाय, टाकीचं काय होईल? या मंडपात बसलेल्या प्रत्येकाला त्यांनी तो प्रश्न घातला होता आणि उत्तर येईपर्यंत कुणाला घरी सोडलं नव्हतं. डोंगरात वर कुठेतरी माती खचून पऱ्याच्या वाटेत बसली होती. तिच्यामागे पाणी साठत होतं. ते किती साठलंय आणि ती माती किती वेळ धरून राहील, हे धुक्यामुळे कुणालाच दिसणार नव्हतं.

गुरुजींना उत्तर येत होतं. तरी ते तिथंच उभे राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. जायचं तर माळावर, दुसरीकडे जागाच नव्हती. आणि माळावर तेच दार होतं, जिथल्या माणसाला त्यांनी सकाळी तांदूळ देऊ केला होता. आता शंभर माणसं घेऊन त्याच दारात उभं राहायचं. भीती होतीच, पण लाज तिच्यापेक्षा जड होती. पाय उचलत नव्हते ते लाजेनं. एवढी साधी गोष्ट स्वतःशी कबूल करायला त्यांना खळग्यातला मासा निपचित पडेपर्यंत वेळ लागला.

ते मंडपात परतले आणि सयाजीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सयाजीनं ऐकून घेतलं. तो काही मूर्ख नव्हता. पण गावकीनं ठरवलंय, असं तो म्हणाला. एक फुटला की सगळे फुटतील, धुक्यात बांधावरून घसरून दोघं-चौघं मेले तर तोंड कुणाला दाखवायचं?

"आन गुरुजी," त्यानं आवाज खाली घेतला, "गावकी मोडणाऱ्याचं काय होतं ते तुमाला ठावं हाय. तुमी बहात्तरचे झालात."

म्हणजे तिरडीची आठवण. गुरुजींना ती बोचली, नाही असं नाही. ते मंडपाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. एकच, शाळेतली. चाळीस-पन्नास वर्षांची माणसंही सरळ बसली.

"हैबती, उभा राहा."

हैबती टेम्पो चालवायचा. दाढीचे खुंट पांढरे झालेले. तो गोंधळून उभा राहिला.

"वरून टाकीत पाणी पडतंय. खालचा नळ बंद झालाय. टाकीचं काय होईल?"

काही बाया हसल्या. हैबतीही हसत होता. मग त्यानं बाहेर पावसाकडे पाहिलं, गप्प झालेल्या पऱ्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं.

"भरंल," तो म्हणाला. "आन फुटंल."

गुरुजी म्हणाले की मी माळावर चाललोय. गावकी मी मोडतोय, तेव्हा वाळीत टाकायचं तर मला एकट्याला टाका. ज्याला यायचंय त्यानं ट्रंका इथंच ठेवाव्यात आणि फक्त पोरं उचलावीत.

"देव सोडून जायचं?" सयाजी म्हणाला. त्याच्या आवाजात आता कडकपणा नव्हता, खरंच विचारत होता.

उत्तर ठमाबाईंनी दिलं. त्या एव्हाना पदर खोचून, अंकिताचा हात धरून पायरीवर पोचल्या होत्या. "देवाला घ्या की बरोबर. शिमग्याला पालखीत बसवून दारोदार फिरवता, तवा नाय तो नको म्हणत."

आणि त्या उतरल्या. त्यांच्या मागून हैबतीची बायको, मग तान्ह्या मुलाची आई, मग सगळे.

पऱ्या उतरून जायचा होता. काठ ते काठ पंधरा पावलं, पण धोंडे शेवाळलेले, आणि प्रत्येकाच्या मनात वर धुक्यात काय आहे तेच. हैबती आणि आणखी तीन गडी मध्ये उभे राहिले आणि माणसं हातोहात पलीकडे जाऊ लागली. गुरुजी अलीकडच्या काठावर उभे राहून मोजत होते. मोठ्यानं, सहलीला पोरं बसमध्ये चढवताना मोजत तसं. एका म्हातारीला पाठीवर घेतली. एक शेळी मागे आली, तिला कुणी हाकललं नाही. अंकिता मध्यावर थांबली आणि मागे वळून बघू लागली, तशी ठमाबाईंनी तिला पुढे रेटली.

एकशे चौदा. गुरुजी धरून एकशे पंधरा. राहिला सयाजी.

तो गाभाऱ्यात होता. देवीचे चांदीचे मुखवटे उतरवून घ्यायचे तर घाईनं कसे घ्यायचे, त्याचा हात धजत नसणार. गुरुजींनी हाका मारल्या. पलीकडून हैबती त्यांना ओरडून सांगत होता, तुमी तरी या. गुरुजी म्हणाले, तू मंडळींना घेऊन चल, आणि पुन्हा हाक मारली. खाली धोंड्यांमधून पाण्याचा एक बारीक लाल ओघळ आला. नुसता सापासारखा, बोटभर जाडीचा. मग त्याच्या शेजारून दुसरा. ओल्या, नुकत्या उकरलेल्या मातीचा वास एकदम दाटला.

सयाजी छातीशी घोंगडीचं गाठोडं धरून धावत आला. दोघं खाली उतरले. मध्यावर पाणी घोट्याला लागलं, पलीकडच्या काठाशी पोटरीला. गुरुजींचा पाय सरकला, गुडघा धोंड्यावर आपटला. सयाजीनं एका हातानं देव आवळला आणि दुसऱ्या हातानं गुरुजींचं बखोट धरून त्यांना वर ओढलं. छत्री पाण्यात गेली. तिच्याकडे बघायला कुणी थांबलं नाही.

ते भाताच्या तिसऱ्या बांधावर असताना मागे आवाज झाला. तो आवाज गडगडाटासारखा नव्हता. एखादा फार मोठा ट्रक घाटात खडी ओततो आणि ते ओतणं संपतच नाही, तसा. पायाखालचा बांध थरथरला. दोघांनी वळून पाहिलं तर पांढरं धुकं होतं, बाकी काही नाही. ना वाडी, ना देऊळ, ना डोंगर. आवाज मात्र त्या पांढऱ्यातून येतच होता.

समोरून माळाच्या कडेवरून बुद्धरत्न आणि दोघं गडी दोर घेऊन येताना दिसले. पुढच्या सगळ्यांना त्यांनी आधीच वर घेतलं होतं.

समाजमंदिराच्या दारात पोचले तेव्हा गुरुजींच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. आत दाटीवाटीनं वाडी बसलेली दिसत होती. कुणाच्या डोक्याला टॉवेल, कुणाच्या हातात कप. ठमाबाईंनी त्यांना पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. पोरं केव्हाच आत घेतली गेली होती. कुणी कुणाला काही विचारत बसलं नव्हतं. उंबऱ्याबाहेर उरले होते ते दोघंच, गुरुजी आणि देव घेतलेला सयाजी. बुद्धरत्न मागून येऊन बाजूला थांबला.

सरळ आत जाता आलं असतं. गुरुजी थांबले.

"बुद्धरत्न," ते म्हणाले, "सकाळी माझं चुकलं. आम्हाला आसरा हवाय."

कादंबरीत असं वाक्य मोठ्या घरातल्या कुणाच्याच तोंडी नव्हतं. त्यामुळे ते कसं म्हणतात हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. ते जरा मोठ्यानंच बोललं गेलं आणि आतल्या सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"आत या गुरुजी," बुद्धरत्न म्हणाला. "किती भिजताय."

सयाजीचा प्रश्न वेगळा होता. समोर भिंतीपाशी बुद्धमूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती, ताजी फुलं होती. त्यानं गाठोडं छातीशी आणखी घट्ट धरलं. देव कुठं ठेवायचा, हे तो कुणालाच विचारू शकत नव्हता. बुद्धरत्नची आई काशीबाई गॅसपाशी होती. तिनं ते पाहिलं.

"मांडीवर घेऊन बस रे सध्या," ती म्हणाली. "दमला असंल तोबी."

सयाजी भिंतीला टेकून देव मांडीवर घेऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला.

हैबतीनं परत एकदा माणसं मोजली. एकशे सोळा भरली. वाडीचं काय झालं, मंडप आहे की गेला, फणस, गोठे, घरं, काही कळत नव्हतं. तरणी पोरं कातळाच्या कडेला जाऊन धुक्यात डोळे ताणत होती आणि परत येऊन मान हलवत होती. कुणी रडलं नाही. रडायला तरी काय गेलं ते ठाऊक असावं लागतं.

अनुष्कानं गुरुजींना चहा आणून दिला. तिनं वहीचं नाव काढलं नाही. अंकिता तिच्याजवळ उभी होती आणि दोघींच्या अंगावर एकच शाल होती. गुरुजींनी चहा संपवला, कप हातात घेऊन उठले आणि दाराशी गेले. पत्र्यावरून पाण्याची धार पडत होती. त्यांनी कप त्या धारेखाली धरला.

"गुरुजी, कप घमेल्यात टाका," काशीबाई मागून म्हणाली. "हितं येकेकाचा येगळा नाय धुवत."

गुरुजी वळले. कोपऱ्यात एका मोठ्या घमेल्यात सगळे कप एकत्र पडत होते. माळाला विहीर नाही हे त्यांना ठाऊक होतं. गावच्या सगळ्या विहिरी वरच्या वाडीत. टँकर सुरू होण्याआधी इथल्या बायका नदीवरून हंडे आणत, हेही त्यांनी पाहिलं होतं, पडवीतून. त्या पाण्यात भांडी कशी धुतली जात असतील, हे मात्र त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

"आता तर मरणाचं पाणी पडतंय गो," ठमाबाई म्हणाल्या.

"पडतंय खरं. पण सवय हाय ना."

गुरुजींनी कप घमेल्यात सोडला. तो दुसऱ्या कपांवर आपटून वाजला. अंकितानं सयाजीच्या हातातला कप काढून घेतला, कारण त्याला देव सोडून उठता येत नव्हतं, आणि तोही टाकला. अनुष्का खाली बसून कप घासू लागली. गुरुजी दुखरा गुडघा लांब करून तिच्या शेजारी टेकले, खांद्यावरचा पंचा पिळला आणि घासलेला एकेक कप पुसून पालथा ठेवू लागले.

बाहेरून हैबतीचा आवाज आला, फणसाचा शेंडा दिसतोय असं वाटतं. दोन-तीन जण धावत गेले. पण धुकं पुन्हा दाटलं होतं, आणि तो फणसच होता असं कुणालाच छातीठोक सांगता येईना.